ओएटी प्रोब कुठे बसवायचा: पंखाखाली, डक्टमध्ये की काचेत?

मे महिन्यात घोडबंदर रोडला दुपारी अर्धा तास अडकलं की गाडीचा डिस्प्ले बाहेरचं तापमान बिनदिक्कत ४३ दाखवतो. पुढे ऐरोलीच्या पुलावर गाडी पळायला लागली की तोच आकडा ३७ वर येतो. सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तो रेडिएटरची आणि डांबराची धग मोजत बसतो. विमानातही दुखणं हेच.

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात दोन मित्र किटवरून दोन सीटचं विमान जोडतायत. ॲल्युमिनियमचा पत्रा, पंख खाली, इंजिन पुढे. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, रविवारी ठाण्याहून वायरिंगला हात लावायला जातो. गेला महिना आमचा वाद एकाच गोष्टीवर चाललाय: बाहेरच्या हवेचं तापमान (ओएटी) मोजणारा प्रोब लावायचा कुठे.

आधी आकडा पाच अंशांनी चुकला तर काय बिघडतं ते बघा. खऱ्या वेगाच्या हिशेबात फारसं नाही. १५० नॉटला जेमतेम सव्वा नॉट. डेन्सिटी अल्टिट्यूडमध्ये, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणाऱ्या उंचीत, मात्र अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ६०० फुटांची थाप. आणि ढगात शिरताना काटा ३ दाखवत असेल नि बाहेर खरे उणे २ असतील, तर पंखावर बर्फ धरायला लागला तरी तुम्ही निवांत.

काच लगेच बाद केली. जुन्या सेस्नात विंडशील्डमधून आरपार बसवलेलं डायलचं थर्मामीटर असतं. वायर नको, बॅटरी नको, हे त्याचं सुख. पण त्यावर ऊन पडतं, आतून केबिनची ऊब लागते, आणि ॲक्रिलिकला भोक पाडणं म्हणजे तडा जायला वाट करून देणं.

पोटाखालची जागा मोहात पाडते, कारण वायर दोन हातांची पुरते. पण इंजिन थंड करून काऊलिंगमधून (इंजिनावरच्या झाकणातून) बाहेर पडलेली हवा आणि एक्झॉस्ट दोन्ही पोटाला चिकटून मागे जातात. शेपटीजवळ, आडव्या पंखाच्या सावलीत लावला तर ऊन टळतं, पण तो झोत तिथवरही पोचू शकतो, आणि वायर सगळ्यात लांब.

खरी चुरस डक्ट आणि पंखाची. बाजूच्या पत्र्यातला नॅका डक्ट, म्हणजे पत्र्यात आत दबलेली हवेची खाच, केबिनला ताजी हवा देतो. प्रोब त्यात आतून बसतो: बाहेर काही दिसत नाही, नवं भोक नाही, थेट ऊन नाही, वायर आखूड, हात सहज पोचतो. आमच्यातल्या एकाचं मत इथेच पडलंय आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. व्हेंट उघडा असेल तोवर आकडा बरा येतो. बंद केला की डक्टमधली हवा साचते, केबिनची ऊब मागून येऊन मिसळते. आता सांगा, थंडीत वर गेल्यावर व्हेंट कोण उघडा ठेवतं? शून्याच्या आसपासचा आकडा खरा हवा असतो तेव्हाच हा प्रोब जास्त खोटं बोलणार.

म्हणून माझं मत पंखाच्या खालच्या बाजूला, प्रोपेलरच्या झोताबाहेर, इन्स्पेक्शन कव्हरवर. पत्र्याला हात लावायची गरज नाही. चूक झाली तर कव्हर नवं करायचं. फ्युएल टँकच्या पत्र्यावर नको, टाकीतल्या पेट्रोलचं तापमान त्यात उतरतं. वेग मोजणाऱ्या, गरम होणाऱ्या पिटो नळीपासूनही लांब. दिशा दाखवणारा मॅग्नेटोमीटर (इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) पंखाच्या टोकाला असेल तर जवळ लोखंडी नट-वॉशर वापरू नका. तोटेही आहेत: जमिनीवर उभ्या विमानात तो तापलेल्या धावपट्टीची धग खातो, उड्डाणानंतर थोडा वेळ द्यावा लागतो, आणि वायर लांब जाते.

ही लांब वायर हलक्यात घेऊ नका. प्रोब दोन तारांचा पीटी१०० (तापमानानुसार रोध बदलणारा, शून्य अंशाला १०० ओहमचा प्लॅटिनम सेन्सर) असेल तर वायर आणि जोडांमधला एक ओहम अडीच अंशांहून जास्त चढवतो. तीन तारांचा घ्या किंवा दहापट रोधाचा पीटी१०००. आम्ही रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, फडक्यात कुटून थर्मासमध्ये पाण्यात कालवला आणि पूर्ण लांबीच्या वायरसकट प्रोब बुडवला. शून्य यायला हवं होतं, डिस्प्ले २.१ वर अडला. एक क्रिंप (वायरचा दाबून केलेला जोड) सैल निघाला. नवा मारल्यावर ०.२.

वेगामुळे हवा प्रोबवर दबून जी तापते, ती १०० नॉटला सव्वा अंशापर्यंत, १५० ला तीनच्या जवळ. जागा बदलून ती जात नाही. यंत्र ती वजा करतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा. प्रमाणित विमान असेल तर यातलं काहीच मनाने करायचं नाही, एएमईला (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला) विचारूनच.

भोक पाडण्याआधी प्रोब ॲल्युमिनियम टेपने तात्पुरता धरून एक चाचणी उड्डाण करायचं ठरलंय. एकाच उंचीवर, एकाच वेगाने उन्हाकडे तोंड, मग पाठ. आकडा हलला तर ऊन लागतंय. मग व्हेंट उघडा, बंद. डक्टमध्येही तसाच दुसरा प्रोब ठेवणार आहोत. वाद घालणारा मित्रच दोन्ही आकडे टिपून घेईल.