डिस्चार्जनंतरचं फॉलोअप क्लिनिक, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डिस्चार्जनंतर आम्ही ज्या फॉलोअप क्लिनिकला जातो त्याबद्दल लिहितेय, कारण अशा ठिकाणी नेमकं काय बघायचं हे घरच्यांना कोणी सांगतच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेशंट आला नाही तर हे लोक स्वतः फोन करतात. आधी जिथे दाखवायचो तिथे तारीख चुकली की विषय संपला, त्याने गोळ्या बंद केल्यात हे आम्हाला कळलं ते तो परत रात्र रात्र जागायला लागला तेव्हा. बरं वाटलं की औषध नकोसं होतं, या आजारात हे अगदी कॉमन आहे आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे तर फार नाजूक, आत्महत्येचा धोकाही तेव्हाच जास्त असतो. इथला पहिला फोन त्याच आठवड्यांत आला.

सिस्टर तर एकदम मुरलेल्या आहेत. भाऊ क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर आहे, त्यात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि ४८ तासांपेक्षा जास्त गॅप पडला तर जुना डोस एकदम घ्यायचा नाही, परत १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवायचा. हे त्यांनी मला नाही, त्याला समोर बसवून सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. पोट साफ होतं का हे दर वेळी विचारतात (लाजून कोणी बोलत नाही पण या औषधात बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते). वजन, शुगर बघतात. सिगारेट सोडणार असशील तर आधी कळव म्हणाल्या, कारण धूर थांबला की रक्तातलं क्लोझापिन वाढतं.

धोक्याच्या खुणांचा कागदही त्याच्याच शब्दांत लिहून घेतलाय: झोप उडते, फोन बंद करून ठेवावासा वाटतो, ताईपण खोटं बोलतेय असं वाटतं. वाचून कसंतरी झालं, पण आता त्यातलं काही दिसलं की काय करायचं ते दोघांनाही माहितीये.

एक स्टार कापला कारण डॉक्टर सारखे बदलतात, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं आणि भाऊ त्याने वैतागतो. सुट्टीच्या दिवशी फोनही उचलत नाहीत. जाणार असाल तर डिस्चार्ज समरीची कॉपी आणि आधीची कुठली गोळी का बंद केली, काय त्रास झाला हे लिहून न्या, ते नीट वाचतात.