डीव्हीडी, ब्लू-रे की एम-डिस्क: बॅकअप कशावर मारावा?

हार्ड डिस्कवरचं सगळं आणखी एका ठिकाणी, शक्यतो खऱ्याखुऱ्या डिस्कवर असावं, हे ज्यांना आधीच पटलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्लाउडवर ज्यांचं भागतं त्यांनी खुशाल भागवावं. मी रत्नागिरीत राहतो. २००४ पासूनचे घरचे फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन मिळून माझ्याकडे १९० जीबी भरतात, आणि तिन्ही प्रकार मी वापरून पाहिलेत.

आधी डीव्हीडी, कारण तिला उगाच बदनाम करायचं नाही. तिचा डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे सीडीसारखं लेबलच्या बाजूने ओरखडा पडला आणि सगळं गेलं, असं होत नाही. कुठलाही जुना रायटर ती मारतो, कुठलाही ड्राइव्ह वाचतो. डीव्हीडी+आर (प्लस) की डीव्हीडी-आर (मायनस) या वादात मी पडत नाही. माझ्याकडे प्लस जरा जास्त टिकल्या, पण तो नशिबाचाही भाग असेल.

खरी पंचाईत माल निवडण्याची. तैयो युदेन या जपानी कंपनीच्या डिस्क शोधून आणणारे लोक होते. त्या कंपनीने २०१५ मध्ये हा धंदाच सोडला. आपल्याकडे मोझर बेअरचे स्पिंडल (दांडीवर रचलेल्या कोऱ्या डिस्कचे डबे) गल्लोगल्ली मिळायचे, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. आता मिळतं ते कुठल्या कारखान्यातलं, हे डबा सांगत नाही. एकाच नावाचे दोन डबे मी सहा महिन्यांच्या अंतराने घेतले आणि इम्गबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया कोड, म्हणजे डिस्क बनवणाऱ्याची खूण, पाहिला, तर दोन्हींचे वेगवेगळे.

तेही मी चालवून घेतलं असतं. मला नडलं ते वेगळंच.

डीव्हीडीच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर मोजतो ४.३८. फोल्डर काही मापात तुटत नाहीत. असं करत करत माझ्या झाल्या ४८ डिस्क. मारायच्या एकदाच, त्याला हरकत नाही, पण तपासायच्या दरवर्षी. एक पूर्ण वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि पाच-सहा मिनिटं हा फार वाईट वेळ आहे. दुसरं काम धरायला कमी, नुसतं बसून राहायला जास्त. नारळ खवायला बसलं की ट्रे बाहेर येतो. हात धुवा, डिस्क बदला, परत बसा, की पुन्हा ट्रे बाहेर. पहिल्या वर्षी मी ४८ तपासल्या. दुसऱ्या वर्षी वीसेक. पुढचे दोन पावसाळे एकही नाही.

मग एकदा ३१ नंबरची टाकली. ड्राइव्ह गुरगुरला, वेग उतरला, पुन्हा चढला आणि ९३ टक्क्यांवर जो थांबला तो थांबलाच. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून काठ बिघडला की शेवटचं फोल्डर जातं. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा काठाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीचा एक फिकट पट्टा दिसला, बाकी डिस्क नव्यासारखी. तेवढ्या पट्ट्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. काही फोटो मामेबहिणीच्या व्हॉट्सअॅपवरून मिळाले, तेही दाबून बारीक झालेले. वेळेवर तपासली असती तर बहुधा दुसरीवर उतरवता आली असती. डीव्हीडीचा दोष कमी, माझ्या कंटाळ्याचा जास्त. पण कंटाळा काही बदलता येत नाही, डिस्क बदलता येते.

२५ जीबीच्या ब्लू-रेवर तेच सगळं नऊ डिस्कमध्ये बसलं. एक वाचायला पंधरा-सतरा मिनिटं लागतात, म्हणजे एकूण वेळ जेमतेम निम्माच वाचतो. पण उठावं लागतं नऊ वेळा. गेली पाच वर्षं एकही तपासणी चुकलेली नाही, आणि आतापर्यंत एकही डिस्क रुसलेली नाही. एकाच घरातला, एकाच कपाटातला हा अनुभव, त्याला प्रयोगशाळा समजू नका.

घेताना एवढं बघा की डब्यावर 'एलटीएच' नसावं. त्यात डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, आणि खालची बाजू सोनेरीकडे झुकते. नेहमीची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) खालून गडद असते, तिचा थर असेंद्रिय. मात्र डेटा पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कडक लेप असला तरी डिस्क काठानेच धरावी. ५० जीबीच्या दोन थरांच्या डिस्क माझ्याकडे दोन वाया गेल्या, तेव्हापासून २५ च्याच आणतो.

एम-डिस्कबद्दल, म्हणजे खास दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेल्या डिस्कबद्दल, आदर आहे. ती डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा दोन्ही रूपांत असते. हजार वर्षं टिकेल असा दावा करणारी मूळ कंपनी मिलेनिएटा स्वतः २०१६ मध्ये बुडाली, हा भाग सोडा, वस्तू चांगली आहे. पण तिच्यातली डीव्हीडी मारायला जास्त ताकदीच्या लेझरचा खास रायटर लागतो आणि डिस्क पुन्हा ४८ च. ब्लू-रेतली एम-डिस्क बहुतेक साध्या ब्लू-रे रायटरवर चालते, फक्त किंमत बघून हात आखडतो. मी एकच घेतली: खरेदीखतं, सातबारे आणि आजोबांच्या पत्रांचे स्कॅन तिच्यावर आहेत. सगळ्या फोटोंसाठी तेवढा खर्च मला झेपला नाही, तुम्हाला झेपत असेल तर जरूर करा.

ब्लू-रेची धाकधूक एकच. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. माल अजून मिळतो, पण मी एक जादा यूएसबी रायटर घेऊन ठेवलाय. (लॅपटॉपच्या एका पोर्टवर तो लिहिताना धापा टाकतो, दोन तोंडांची केबल असलेला घ्या.)

४एक्स वेगाने मारतो, लगेच व्हेरिफाय करतो (लिहिलेलं नीट वाचता येतं का ते पाहतो) आणि प्रत्येकीच्या दोन प्रती काढतो. एक संच इथे सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरा पुण्याला भावाकडे. दिवाळीला तो येतो तेव्हा त्याच्या नऊ इकडे येतात, माझ्या नऊ तिकडे जातात, आणि आलेल्या नऊ मी भाऊबीजेच्या दुपारी तपासून टाकतो.