बडोद्याहून मुंबई: विमानाने की रेल्वेने?

हरणी विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आहे आणि बडोदे स्थानकापासून मुंबई सेंट्रलपर्यंतचा लोहमार्ग ३९२ किलोमीटरचा. आपला मार्ग जवळजवळ नाकासमोर दक्षिणेकडे जात असल्यामुळे, इंदूरकरांना रतलामवरून घालावा लागतो तसा वळसा आपल्याला पडत नाही. म्हणून विमान जे काही वाचवते ते अंतरात नव्हे, केवळ वेगात.

तो वेगही येथे पुरता उपयोगी पडत नाही. ताशी आठशे किलोमीटरने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत संपायला हवे. परंतु विमान उंचीवर स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते, आणि वेळापत्रकात छापलेला तासाभराहून थोडा अधिक अवधी विमान बडोद्यात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. वंदे भारतला साधारण चार तास लागतात. दांडिया बाजारातल्या घरापासून गिरगावातल्या नातेवाइकांच्या दारापर्यंतचा हिशेब धरला, तर माझ्या अनुभवाप्रमाणे विमानाने फार तर तासभर वाचतो.

माझा निर्णय मात्र त्या तासावर झाला नाही. विमानप्रवासात वेळेचे जे तुकडे पडतात, त्यांवर झाला. सामान द्या, तपासणीच्या रांगेत लॅपटॉप बाहेर काढा, तो पुन्हा भरा, थोडे बसा, उठा, पट्टा बांधा, समोरची फळी उघडून कागद पसरतो न पसरतो तोच ती मिटण्याची सूचना येते, आणि मुंबईत पुन्हा सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहा. एवढ्या वेळात सलग अर्धा तासही आपला म्हणून हाती लागत नाही. हिशेब तपासण्याचे काम करणाऱ्या माणसाला हे फार खटकते, कारण मध्येच सोडलेली बेरीज पहिल्या ओळीपासून घ्यावी लागते. रेल्वेत भरूचचा नर्मदेवरचा पूल येण्यापूर्वी कागद उघडले, की बोरिवलीपर्यंत कोणी उठवत नाही. एक अख्खा ताळेबंद तेवढ्यात तपासून होतो.

अर्थात अंधेरी, पवई किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात ज्यांचे काम आहे, किंवा मुंबईहून पुढचे विमान गाठायचे आहे, त्यांनी विमानच घ्यावे हे उचित. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागल्यामुळे विमानतळाहून गिरगावला जाताना रस्त्यावरच्या कोंडीत अडकण्याचे कारणही उरलेले नाही, आणि ही विमानाच्या बाजूची खरी जमेची गोष्ट आहे. पावसाळ्यात वसई-विरारकडे रुळांवर पाणी साचते, तेव्हा रेल्वेचा भरवसा कमी होतो, हेही मान्य करावे लागेल.

तरीही ज्यांना दक्षिण मुंबईत जायचे आहे आणि सोबत वाचण्या-लिहिण्याचे काम आहे, त्यांना मी रेल्वेच सुचवीन. आरक्षण मात्र लवकर करावे. सणासुदीच्या आठवड्यात जागा मिळणे अवघड होते, आणि मग नाइलाजाने हरणीची वाट धरावी लागते.