गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा : घरच्यांच्या बाजूने

माझा दादा जुगार सोडायला गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. कुणाच्या घरात हेच चालू असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. फी नाही, अट एकच, जुगार सोडायची इच्छा पाहिजे. १९५७ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ग्रुप आहे, आता बऱ्याच देशांत चालतो, ऑनलाइन मीटिंगा पण असतात. मीटिंग घेणारे डॉक्टर, काउन्सेलर नसतात, सगळे त्यातूनच गेलेले, आणि "एवढे हरलेले वसूल करतो मग बंद" हे तिथल्या लोकांनी स्वतःच घरी शंभरदा सांगितलेलं असतं त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

नवीन माणसाला २० प्रश्न देतात. हरल्यावर लगेच परत जाऊन हरलेले पैसे जिंकून परत मिळवायची घाई होते का, खेळायला उसने घेतलेत का, झोप उडालीय का वगैरे. सात किंवा जास्त हो आले तर बहुतेक व्यसनच आहे असं ते धरतात. जिंकल्यावर अजून जिंकायची ओढ लागते का, या प्रश्नावर दादा बराच वेळ गप्प होता. घरात सगळी भांडणं हरलेल्या पैशावरून व्हायची, जिंकलेले कुठे गेले हे कुणी विचारलंच नव्हतं.

मला सगळ्यात पटलं ते त्यांचं पैशाचं काम. काही दिवस जुगार बंद राहिला की जुने मेंबर त्याला आणि बायकोला घेऊन बसतात, प्रेशर रिलीफ म्हणतात त्याला. सगळी देणी कागदावर मांडायची, क्रेडिट कार्ड, मित्रांचे हातउसने, ऑफिसातली उचल, बायकोला माहीत नसलेलं सुद्धा. मग आधी घरखर्च बाजूला काढायचा आणि उरेल त्यातून प्रत्येकाला थोडं थोडं द्यायचं, किती का वर्षं लागेनात. घरच्यांनी एकरकमी फेडून टाकू नका असं स्पष्ट सांगतात. आईला हे फार कठोर वाटलं, पोराच्या डोक्यावर कर्ज असताना बघत कसं बसायचं, पण कर्ज कुणीतरी उतरवलं की माणूस पुन्हा उसने घ्यायला मोकळा होतो हो, हे खरंच आहे. पगाराचा हिशोब आता वहिनीकडे असतो.

घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन नावाचा वेगळा ग्रुप आहे, तिथे नक्की जा, जुगार खेळणारा स्वतः मीटिंगला यायला तयार नसला तरी.

कमी काय वाटलं तर बारा पायऱ्यांमधली (व्यसनातून बाहेर पडायचा त्यांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम) देवाधर्माकडे झुकणारी भाषा, सगळ्यांना ती जमेलच असं नाही. आणि हे उपचार नव्हेत. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, अमेरिकन सायकियाट्रीच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या पुस्तकात २०१३ पासून तो दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांसोबत धरलाय, त्यामुळे सोबत सायकियाट्रिस्ट किंवा सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करणारा थेरपिस्ट बघा. जीव द्यायची भाषा निघाली तर मीटिंगची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा आणि त्याला एकटं सोडू नका. फोनवर बेटब्लॉकर टाका, फुकट आहे, बेटिंगच्या साइट बंद करतं, मुदत २४ तासांपासून ५ वर्षांपर्यंत निवडता येते, सरळ मोठी मुदत टाका.

जायच्या आधी मीटिंग ओपन आहे का क्लोज्ड ते विचारून घ्या, क्लोज्ड असेल तर घरच्यांना आत बसता येत नाही.