तीन ट्रान्झिस्टरचा घरी बांधलेला रेडिओ: आठ महिने रोज वापरल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत बांधायला घेतलेला मीडियम वेव्ह रेडिओ आता नाशिकच्या आमच्या घरी रोज वाजतो. सकाळी सात दहाला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या आई त्याच्यावरच ऐकते. सुरुवात करणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगेन: ट्रान्झिस्टर किती लावलेत याला फार महत्त्व देऊ नका. सगळा जीव फेराइट रॉडवरच्या कॉइलमध्ये असतो, म्हणजे लहरी पकडणाऱ्या काळ्या चुंबकीय दांडीवर गुंडाळलेल्या तारेत. मला हे कळायला डिसेंबर उजाडला.

नाशिकचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे, १०१.४ वर. मीडियम वेव्हवर ऐकायचं तर पुणे (७९२ किलोहर्ट्झ) नाहीतर मुंबई. पुणे सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटर, मुंबई १४०. टॉवरजवळ राहणाऱ्याचं एका डायोडवर भागतं, आपलं भागत नाही.

सर्किट साधं आहे. रॉड, छोटी प्लास्टिकची गँग (केंद्र लावायला फिरवायचा कंडेन्सर), पहिला बीसी ५४८ ट्रान्झिस्टर रेडिओ लहरी मोठ्या करायला, मग त्यातून आवाज वेगळा काढायला जर्मेनियम डायोड, मग आवाज वाढवायला आणखी दोन बीसी ५४८. दोन पेन्सिल सेल, तीन व्होल्ट. इअरफोनचे दोन्ही कान सिरीजमध्ये जोडलेत. एमजी रोडवर सुटे भाग मिळाले, पण कॉइलची २८ गेजची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणली. ती तार लावताना इनॅमल, म्हणजे तिच्यावरचा वार्निशचा थर, ब्लेडने नीट खरवडा, तांबं चकाकेपर्यंत. नाहीतर वरून जोड छान दिसतो आणि आत काहीच जोडलेलं नसतं. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

पहिल्या दिवशी रेडिओ वाजला, पण सगळी केंद्रं एकमेकांत मिसळून. गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी तोच गलका. मला वाटलं ताकद कमी पडतेय, म्हणून चौथा ट्रान्झिस्टर लावला. गलका फक्त मोठा झाला. चूक अशी होती की मी पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस (सिग्नल आत घेणारा पाय) थेट कॉइलच्या वरच्या टोकाला जोडला होता. ट्रान्झिस्टरचा बेस करंट ओढतो, कॉइल आणि गँगच्या जोडीवर भार पडतो आणि एकच केंद्र निवडायची तिची धार बोथट होते. मग ७० वेढ्यांच्या मुख्य कॉइलशेजारी ६ वेढ्यांची वेगळी छोटी कॉइल गुंडाळली आणि बेस तिच्यावर घेतला. चौथा ट्रान्झिस्टर काढून टाकला. त्या रात्री पुणे स्वच्छ वेगळं निघालं. गँगच्या चकतीवर त्या जागी आईने कुंकवाचा ठिपका दिला, तो अजून आहे.

डायोडबद्दल एक तक्रार. दुकानातून ओए ७९ (जर्मेनियम डायोडचा एक नंबर) म्हणून घेतलेले पाचपैकी तीन डायोड साधे सिलिकॉनचे निघाले. काचेची नळी सारखीच, वरून काही कळत नाही. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, सिलिकॉन ०.६ च्या आसपास. बारीक सिग्नल तेवढी पायरी चढूच शकत नाही, त्यामुळे लांबची केंद्रं गायब होतात. डायोड दुकानातच तपासून घ्या.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रात्री मुंबई १०४४ ऐकताना राजकोटचं १०७१ अंगावर येतं. ते हजार किलोवॅटचं प्रक्षेपण आहे, उर्दू सेवेचं, आणि एका कॉइलच्या रेडिओला २७ किलोहर्ट्झचं अंतर पुरत नाही. पण रॉडचं टोक ज्या केंद्राकडे रोखाल ते केंद्र जवळजवळ नाहीसं होतं, आणि रॉडच्या आडव्या बाजूचं केंद्र जोरात येतं. नाशिकहून राजकोट वायव्येला आणि मुंबई नैर्ऋत्येला, म्हणजे जवळपास काटकोनात! रॉड वायव्येकडे रोखला की राजकोट विरतं आणि मुंबई वर येते. एकही पार्ट न बदलता, नुसता डबा फिरवून. पुण्यासाठी रॉड पूर्व-पश्चिम ठेवायचा, कारण पुणे आपल्या थेट दक्षिणेला आहे.

ऋतूचा फरकही कानाला कळला. जानेवारीत सात दहाच्या बातम्या खणखणीत यायच्या, मे महिन्यात त्याच वेळेला बारीक. जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मेमध्ये सहाच्या आसपास. ऊन वर आलं की आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा थर तयार होतो आणि आकाशातून परतणाऱ्या मीडियम वेव्ह गिळून टाकतो, मग जमिनीलगत येणाऱ्या लहरींवरच भागवावं लागतं. तेव्हापासून रेडिओ गच्चीच्या दारात ठेवतो आणि पाच मीटर वायर बाहेर सोडतो. तिचं टोक रॉडवर दोन वेढे घेऊन अर्थिंगला, म्हणजे जमिनीला, जोडलंय.

खरा शत्रू घरातच आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळे सतत घुरघुरतात. एप्रिलमध्ये एकदा रात्री आख्ख्या गल्लीची लाइट गेली आणि एकदम शांतता झाली. जळगावचं ९६३ त्या पाऊण तासात पहिल्यांदा ऐकलं. लाइट आली आणि जळगाव गेलं. आता ऐकायच्या वेळी हॉलचे चार्जर काढून ठेवतो, निम्मा फरक तिथेच पडतो.

स्पीकर हवा असेल तर एलएम ३८६ ही आवाज वाढवणारी चिप लावा, पण तिला निदान चार व्होल्ट लागतात, म्हणजे चार सेल. मी लावली तेव्हा फट-फट-फट असा मोटरबोटीसारखा आवाज सुरू झाला. सप्लायवर २२० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर टाकला आणि थांबला. तरी मी स्पीकर रोज वापरत नाही. इअरफोनवर पूर्ण सर्किट चार मिलिअँपिअरवर चालतं, रोज दोन तास ऐकून सेलची जोडी दोन महिने पुरते. सध्या चौथी जोडी आहे. पावसाला सुरुवात झाल्यापासून विजेचा कडकडाट आधी इअरफोनमध्ये ऐकू येतो, मग आभाळात, आणि तो जवळ आला की गच्चीची वायर लगेच काढून ठेवतो.