हाताच्या नर्व्हचं मॉडेल: कोपरापर्यंत झकास, मनगटाशी घोळ (५ पैकी ३ तारे)

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी ॲनाटॉमी शिकवते. मुलांना सगळ्यात जास्त रडवतो तो ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात उतरणाऱ्या नर्व्हचं जाळं. पुस्तकातली आकृती सपाट, त्यामुळे ती नुसती घोकली जाते. म्हणून विभागासाठी हे मॉडेल मागवलं: मानेपासून बोटांपर्यंत अख्खा उजवा हात, खऱ्या आकाराचा, स्नायू सुटे निघणारे, नर्व्ह पिवळ्या रबराच्या.

मानेजवळचं काम मन लावून केलंय. मज्जारज्जूतून निघणाऱ्या सी ५ ते टी १ या पाच मुळांचे तीन ट्रंक (खोडं), प्रत्येकाचे दोन फाटे आणि त्यांतून काखेतल्या धमनीभोवती तीन कॉर्ड (दोर). धमनी ठसठशीत लाल असल्यामुळे लॅटरल (बाहेरची), मीडियल (आतली), पोस्टीरियर (मागची) ही कॉर्डची नावं कशाला धरून पडली ते मुलांना आपसूक कळतं. माझा अर्धा तास वाचतो.

त्याहून आवडला तो दंड. ट्रायसेप्स (दंडामागचा, कोपर सरळ करणारा स्नायू) उचलला की ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागच्या खाचेतून हाडाला चिकटून गेलेली रेडियल नर्व्ह दिसते, आणि ट्रायसेप्सकडे जाणाऱ्या फांद्या त्या खाचेच्या आधीच, वर फुटलेल्या. हाड मधोमध मोडलं तर मनगट लुळं पडतं, पण कोपर बहुतेक वेळा सरळ करता येतं. का, ते इथे बोट ठेवून दाखवता येतं. कोपरामागची अल्नर नर्व्हही जागच्या जागी आहे. तिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या का येतात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता मनगट. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटाच्या तळव्याकडच्या अरुंद बोगद्यात, बोटांचे आणि अंगठ्याचे मिळून ९ टेंडन (स्नायूंचे दोर) आणि मीडियन नर्व्ह, एवढीच मंडळी असतात. या महाशयांनी अल्नरलाही आत कोंबलंय! ती जाते टनेलच्या वरून, करंगळीच्या बाजूच्या पिसिफॉर्म या छोट्या हाडाच्या शेजारून. शिवाय मीडियनची तळव्याकडे जाणारी त्वचेची फांदी गायब. ही फांदी मनगटाच्या आधीच फुटून टनेलच्या बाहेरून जाते, म्हणूनच टनेलमध्ये मीडियन चेपली गेलेल्या पेशंटची बोटं बधिर होतात, पण अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला स्पर्श कळतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात ते नेमकं हेच, आणि मॉडेलवर ते दाखवायची सोय नाही. संवेदनेच्या रंगीत नकाशात अनामिका अख्खी मीडियनला देऊन टाकलीय. करंगळीकडची अर्धी बाजू सहसा अल्नरची असते.

सोबत नर्व्हच्या आडव्या छेदाचा एक मोठा ठोकळा येतो, तो मात्र छान आहे. एपिन्यूरियम (अख्ख्या नर्व्हभोवतीचं), पेरिन्यूरियम (तंतूंच्या जुडग्याभोवतीचं), एंडोन्यूरियम (एकेका तंतूभोवतीचं) असे आवरणाचे तिन्ही थर सोलून काढता येतात. नुसत्या चेपलेल्या नर्व्हमध्ये आतल्या नळ्या शाबूत असतील तर तंतू त्याच वाटेने, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, पुन्हा वाढतात. तुटलेल्या नर्व्हला तेवढं सोपं का जात नाही, हे या ठोकळ्यावर पटकन समजावता येतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. साचाच तसा आहे, बदलून मिळणार नाही, असं उत्तर आलं. मग अल्नरचा तेवढा तुकडा कापून बाहेरून चिकटवला आणि तळव्याच्या फांदीसाठी पिवळा धागा लावला. तळहातातल्या छोट्या स्नायूंचे चुंबकही ढिले आहेत. घेणार असाल तर खोकं उघडल्या उघडल्या ते मोजून घ्या.