फरशीचा सीलर, गणपती ते श्रावण: माल चोख, झाकण टाकाऊ

दगडात मुरणारा, चकाकी न देणारा पारदर्शक सीलर, एक लिटरचा डबा. किती चौरस फूट होतो, वाळायला किती वेळ लागतो, हे डब्यावर आहेच. मी लिहायला बसले ती झाकणासाठी.

स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं पत्र्याचं झाकण आहे. एकदा उचकटलं की कड वाकते. मग वरून कापड ठेवून हातोडीने ठोका, पाटा ठेवा, एका बाजूने फट राहतेच. ऑइलपेंटच्या डब्याला हे चालून जातं. वर साय धरते, ती काढली की खालचा रंग कामाचा. सीलरचं तसं नाही. हा हवेतला ओलावा लागला की घट्ट व्हायला लागतो, दगडात पक्का बसतो तोही याच गुणामुळे. अशा मालाला फट राहणारं झाकण द्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाचा अर्धा डबा ठरवून वाया घालवायचा.

आमचं तसंच झालं. गणपतीच्या आधी ओटा, स्वयंपाकघर आणि ओसरीचा दारापासून खांबापर्यंतचा भाग केला. खांबापलीकडे मूग-उडदाची पोती होती, ती विकल्यावर उरलेलं करू म्हटलं. दिवाळीआधी डबा उघडला तर आत थलथलीत गोळा. ४५ किलोच्या युरियाच्या चार बॅगा येतील एवढे पैसे मोजले होते, त्यातले निम्मे असे गेले.

दर्यापूरचा दुकानदार म्हणे, "वहिनी, कंपनीले फोन करा, माह्या हातात काही नाही." कंपनीने बिल मागितलं, बॅच नंबर मागितला, फोटो मागितले, सगळं पाठवलं. शेवटी उत्तर आलं की उघडलेल्या डब्याची जबाबदारी आमची नाही. अहो, न उघडता लावायचा कसा? डब्यावर बारीक इंग्रजीत दोन वर्षं टिकतो असं छापलंय, ते फक्त बंद डब्यासाठी. उघडल्यावर किती दिवस, हे कुठेच नाही. तेव्हा रागाने दोन तारे दिले होते.

आता मालाबद्दल. आमचा ओटा कडप्प्याचा, खाली कोटा, ओसरीला शहाबादी. तिन्ही चुनखडीचे दगड. आधी ओट्यावर चमचाभर पाणी सांडलं तरी काळा डाग धरायचा, फोडणीचं तेल तर आतच जायचं. आता पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो, तेल फडक्याने निघतं. लावताना चुली-गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि वर राहिलेला माल दहा-पंधरा मिनिटांत सुती कापडाने पुसून घ्यायचा. नाही पुसला तर चिकट धूसर थर बसतो. त्यानंतर दिवसभर फरशीला पाणी लावायचं नाही.

चिंच आणि लिंबाचं मात्र ऐका. सीलर डाग आत जाऊ देत नाही, पण आंबट पदार्थ दगडाचा वरचा थरच खातो. चिंचेच्या कोळाची वाटी रात्रभर राहिली तिथे कडप्प्यावर भुरकट गोल उमटला, तो कशानेच जात नाही. हा सीलरचा दोष नाही, दगडात मुरणारा कुठलाच सीलर हे थांबवत नाही. पण डब्यावर "सर्व डागांपासून संरक्षण" लिहितात ते बरोबर नाही.

माझं मत फिरलं ते मे महिन्यात, नणंदेच्या हळदीला. ओसरीतच कार्यक्रम झाला, तेलात कालवलेली हळद सगळीकडे. दुसऱ्या दिवशी खांबाच्या अलीकडची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने स्वच्छ झाली, सांध्यांसकट. खांबापलीकडे पिवळे ठसे तसेच. सासूबाईंनी धुण्याचा सोडा घासला तर डाग तांबडे झाले, पाण्याने धुतल्यावर परत पिवळे. सोड्याने हळद रंग बदलते, जात नाही. तिला उतरवतं ते ऊन. ओसरीच्या कडेला ऊन येतं तिथले डाग जूनपर्यंत पुसट झाले, आत सावलीतले अजून आहेत. एकच फरशी, एकच हळद, मध्ये फक्त एक खांब. त्या रेषेकडे पाहिलं की सीलरचं कौतुक वाटतं आणि झाकणाचा संताप दुप्पट होतो, कारण पलीकडचा भाग त्या झाकणाने घालवला.

पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा शंका आली. ओसरीच्या सांध्यांवर पांढरी पूड फुलली, सीलर लावलेल्या बाजूलाही. वाटलं, एका पावसात उतरला. पण पूड झाडून त्याच सांध्यावर पाणी टाकलं तर थेंब उभाच. पूड जिभेला लावली तर खारट. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. प्यायला शहानूर धरणाचं पाणी, पण बांधकामाचा सगळा माल बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेला. ते मीठ ओलाव्याबरोबर खालून वर येतं. मुरणारा सीलर वरचं पाणी अडवतो, खालची वाफ जाऊ देतो, आणि आमच्या भागात तेच हवं. शेजारी चकाकीचा, वार्निशसारखा थर देणारा सीलर लावला होता. त्याखाली ओल अडकली, थर पांढरा पडून पापुद्रे निघाले.

ही पूड कोरड्या ब्रशने झाडायची, मग गोड्या पाण्याचं फडकं. मिस्त्री म्हणत होता, "आसिड मारा वहिनी, चकाचक होते." मी मारू दिलं नाही. चुनखडीच्या दगडावर ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे फरशीच विरघळत असते, आणि सांध्यातलं सिमेंटही. ॲसिडनंतर कोणी ब्लीचिंग पावडर टाकत असेल तर त्याला हात धरून थांबवा, विषारी वायू निघतो.

नवीन सांधे भरले असतील तर तीन-चार आठवडे वाळू द्या. इपॉक्सीने भरलेले सांधे आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर हा सीलर लावून पैसे घालवू नका, तिथे मुरायला जागाच नसते.

दोन ताऱ्यांचे चार करते. पाचवा झाकण बदलल्याशिवाय नाही. स्क्रूचं झाकण आणि आत प्लास्टिकचं बूच, एवढंच मागणं आहे.

खांबापलीकडचं दसऱ्याआधी करणार आहे. अर्ध्या लिटरचा डबा मिळाला तर तोच घेईन. नाही मिळाला तर डबा फोडल्या फोडल्या उरणारा माल काचेच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवणार, आत हवा कमी राहील अशा. प्रत्येक बाटलीवर नाव लिहून, फवारणीच्या औषधांच्या कपाटात, कुलपात.